सूर्यास्तापूर्वीचे वेतन

‘श्रम हीच पूजा’ हे वाक्य आपण निबंधांतून इतक्या सहजपणे लिहितो की, ते कोणी कोणाला सांगावयाचे असते याचा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. सावता माळ्याने आपल्या मळ्यात आणि गोरा कुंभाराने आपल्या चिखलात देव पाहिला. राबणाऱ्याने स्वतःच्या कष्टांविषयी असे म्हणावे, हा त्याचा अधिकार होय. परंतु मळ्याचा मालक मजुरीचा हिशेब लांबणीवर टाकताना तेच वाक्य उच्चारू लागला, तर त्याचा अर्थ अगदीच पालटतो. तेव्हा श्रम आणि श्रद्धा यांचा संबंध तपासावयाचा, तर राबणाऱ्याच्या भक्तीबरोबर राबवून घेणाऱ्याची हिशेबाची वहीही उघडून पाहिली पाहिजे. किंबहुना खरी परीक्षा त्या वहीतच होते, असे मला वाटते.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचा विचार ख्रिस्ती धर्मपरंपरेत कसा झाला, आणि आपल्या गोव्यात व महाराष्ट्रात तो कितपत आचरणात उतरला, हे पाहावयाचे आहे. हा विषय निवडण्याचे कारण साधे आहे. आपल्या वास्को शहरात हिंदू आणि ख्रिस्ती कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहतात. तरीही शेजाऱ्याच्या धर्माविषयी आपले ज्ञान बहुधा नाताळातील नेवऱ्या आणि दोदोल यांपलीकडे जात नाही. वस्तुतः बायबलातील कथा मराठी भाषेत येऊन चार शतके लोटली. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाचे ‘क्रिस्तपुराण’ इ. स. १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे छापले गेले, तेही ओवीछंदात. मराठी वाचणाऱ्याने या कथा परक्या मानण्याचे कारण नाही.

आरंभ एका अतिप्राचीन कायद्यापासून करू. यहुदी लोकांच्या मोशेच्या नियमशास्त्रात, ‘अनुवाद’ नामक ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात, रोजंदारीवर काम करणाऱ्या गरीब मजुराविषयी एक आज्ञा आहे. त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असे ती सांगते. मजूर स्वकीय असो अथवा बाहेरून येऊन राहिलेला परका असो, नियम एकच. ‘लेवीय’ ग्रंथातही मजुराचे वेतन रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये असे बजाविले आहे. या आज्ञेचे कारण मोठे मनन करण्याजोगे आहे. मजूर गरीब असतो आणि त्याचा जीव त्या पैशात गुंतलेला असतो, एवढेच ते कारण. त्याने काम चोख केले की नाही, तो देवभक्त आहे की नाही, अशा अटी तेथे घातलेल्या नाहीत. ज्याला आज मिळेल तेव्हाच आज चूल पेटवावयाची आहे, त्याच्या दृष्टीने ‘उद्या ये’ या दोन शब्दांचा अर्थ एक रात्र उपाशी असा होतो. त्याने देवाकडे गाऱ्हाणे नेले तर पाप देणेकऱ्याच्या माथी बसेल, असा इशाराही तेथे आहे.

याच अध्यायात पुढे, परका, अनाथ व विधवा यांच्याविषयीच्या नियमांना जोडून, एक आठवण दिलेली आहे: तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता, हे विसरू नका. सातव्या दिवसाच्या विश्रांतीच्या नियमातही हीच आठवण पुन्हा येते, आणि ती विश्रांती केवळ घरधन्यासाठी नसून दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परका या सर्वांसाठी आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. दयेचा उपदेश करण्याऐवजी स्मरणशक्तीला आवाहन करण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. तिच्याकडे आपल्याला पुढे परतावयाचे आहे.

येशू ख्रिस्त हा या नियमशास्त्रात वाढलेला होता, आणि व्यवसायाने सुतार होता. मार्काच्या शुभवर्तमानात नासरेथचे गावकरी त्याच्याविषयी ‘हा तो सुतारच ना?’ अशा अर्थाचा प्रश्न करतात. त्यात कौतुक नाही, हेटाळणी आहे. हाताने काम करणाऱ्याने शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्या, हे त्यांना रुचले नाही. (असा प्रश्न आपल्या गावांतूनही नित्य विचारला जातो, केवळ व्यवसायाचे नाव बदलते.) पुढे धर्मप्रसारासाठी देशोदेशी फिरणारा पौल हादेखील तंबू शिवून आपला चरितार्थ चालवी.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याची दृष्टान्तकथा आपल्यापैकी काहींनी ऐकली असेल. मळ्याचा धनी पहाटे चौकात जाऊन एक दीनार रोजाने मजूर ठरवितो. एक दीनार ही त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी. मग तो तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या तासाला पुन्हा जातो आणि आणखी माणसे आणतो. शेवटी अकराव्या तासाला, म्हणजे सूर्योदयापासून मोजले तर सायंकाळी पाचच्या सुमारास, चौकात अजूनही काही माणसे उभी असलेली त्याला दिसतात. तुम्ही दिवसभर रिकामे का उभे, असे विचारता ती म्हणतात की, आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही. धनी त्यांनाही मळ्यात धाडतो. संध्याकाळी कारभाऱ्याला बोलावून तो मजुरी वाटावयास सांगतो आणि शेवटी आलेल्यांपासून आरंभ करवितो. सर्वांना एकेक दीनार मिळतो. दिवसभर उन्हात राबलेले अर्थातच कुरकुर करतात.

ही कथा मूलतः ईश्वरी कृपेविषयी आहे. ती मजुरीचे दरपत्रक म्हणून सांगितलेली नाही, हे लक्षात ठेवावे. तथापि कथेतील तपशील उगाच आलेले नाहीत. वाटप संध्याकाळी होते, कारण मोशेचा नियम तसा आहे. आणि अकराव्या तासाच्या मजुरांचे ते उत्तर पाहा. आपण कामाविना उभ्या असलेल्या माणसाला चटकन आळशी ठरवितो. २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील धडधाकट माणसे अशीच रिकामी उभी राहिली होती. ट्रक दारात उभे होते, बार्जी नांगरून पडल्या होत्या. खाणी का थांबल्या, त्यात दोष कोणाचा, हा प्रश्न निराळा आणि गुंतागुंतीचा आहे. पण त्या माणसांच्या घरी भात शिजवावयाचा तो पूर्ण दिवसाचाच शिजवावा लागत होता; कामाच्या तासांप्रमाणे भूक कमी होत नाही. मळ्याच्या धन्याने तास मोजले नाहीत, त्याने घरी वाट पाहणारी तोंडे मोजली, असा या कथेचा एक अर्थ लावता येतो.

नव्या करारातील याकोबाच्या पत्रात तर श्रीमंतांना थेट फटकारले आहे. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडत आहे आणि ती आरोळी देवाच्या कानी गेली आहे, असे तो म्हणतो. मजूर भीतीने गप्प राहिला, तरी न दिलेले पैसे गप्प राहत नाहीत, ही कल्पना विलक्षण प्रभावी आहे.

आता प्रश्न असा की, हा ग्रंथ हाती घेऊन जे लोक आपल्या भूमीवर आले त्यांनी काय केले? येथे इतिहासाने लाजून खाली पाहावे असे प्रकरण आहे आणि ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. यान हूयगेन व्हान लिन्स्खोटेन हा डच प्रवासी इ. स. १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपाच्या पदरी होता. जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे वर्णन त्याने केले आहे. घोडे, मसाले, जवाहीर यांच्याबरोबर तेथे स्त्रीपुरुष गुलामही विकले जात. ज्या नगरीत चर्चच्या घंटा चोहोबाजूंनी वाजत, त्याच नगरीत माणसाच्या गळ्याला किंमत लावली जाई. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले गुलाम धनिकांच्या पालख्या वाहत, पाणी भरीत, आणि त्यांची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी की नंतर, हा प्रश्नच उद्भवत नसे. पोर्तुगीज सत्तेच्या प्रदेशांत कायद्याने गुलामगिरी संपावयास १८६९ साल उजाडावे लागले.

या पार्श्वभूमीवर आपल्या मुरगाव तालुक्यातीलच एक घटना पाहण्यासारखी आहे. सांकवाळ येथे एका जुन्या चर्चचा दर्शनी भाग तेवढा अजून उभा आहे. या गावाशी संत जुझे वाज यांचे नाव जोडलेले आहे. त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी आजोळी, बाणावली येथे झाला. वडिलांचे घर सांकवाळचे. ५ ऑगस्ट १६७७ रोजी, धर्मगुरूची दीक्षा घेतल्यावर लवकरच, त्यांनी सांकवाळ येथे एक लेख लिहून दिला. त्यात त्यांनी स्वतःला मरियेचा कायमचा दास म्हणून बांधून घेतले. हा लेख ‘दास्यपत्र’ या नावाने प्रसिद्ध आहे.

भक्तीच्या भाषेत स्वतःला दास म्हणवून घेणे आपल्याला अपरिचित नाही. ‘रामदास’, ‘तुळशीदास’ ही नावे आपण रोज घेतो. परंतु ज्या समाजात शेजारच्या घरी विकत घेतलेले खरेखुरे गुलाम वावरत होते, तेथे प्रतिष्ठित कुळातील सुशिक्षित तरुणाने तो शब्द स्वतःच्या नावापुढे लावणे, ही निव्वळ अलंकारिक भाषा राहत नाही. पुढील आयुष्यात त्यांनी तो शब्द अक्षरशः खरा केला. त्या वेळी लंकेचा किनारा डचांच्या ताब्यात होता आणि कॅथलिक धर्मगुरूंना तेथे बंदी होती. इ. स. १६८७ मध्ये वाज तेथे पोहोचले ते धर्मगुरूच्या वेषात नव्हे, तर फाटक्या कपड्यांतील कंगाल मजुरासारखे. बरोबर होता घरचा नोकर जुवांव. प्रवासात दोघेही आजाराने खंगले, दोघेही लोकांच्या दारी उभे राहिले. भिकेचा तुकडा वाटून खाताना धनी कोण आणि चाकर कोण, हे कोणास ठरविता आले असते? १६९७ मध्ये कँडी शहरात देवीची साथ पसरली आणि नातेवाईकही रोग्यांना टाकून पळू लागले. तेव्हा वाज यांनी त्या रोग्यांची शुश्रूषा केली. त्यात ख्रिस्ती होते, बौद्धही होते. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांचे देहावसान झाले, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले. चरित्रग्रंथांत वाज यांचे गुणगान भरपूर आढळते, जुवांवविषयी मात्र फारच थोडे. संतांच्या चाकरांची चरित्रे कोणी लिहीत नाही, ही इतिहासाची जुनी खोड आहे.

एका व्यक्तीने असे आचरण केले, तरी समाजाची घडी सहजासहजी बदलत नाही. गोव्यातील भाटकार आणि मुंडकार यांचा संबंध हे त्याचे उदाहरण होय. भाटकाराच्या माडांच्या बागेत झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. राहण्याच्या जागेच्या बदल्यात त्याने बागेची राखण करावयाची, हे मूळ बोलणे. पण भाटकाराच्या घरी लग्न निघाले की मुंडकाराच्या घरची सारी माणसे पाणी भरावयास आणि लाकडे फोडावयास हजर होत. त्याला कोणी मजुरी म्हणत नसे, म्हणून ती कोणी देत नसे. तो नाही म्हणू शकत नव्हता, कारण झोपडीखालची जमीन दुसऱ्याची होती. हिंदू भाटकार आणि ख्रिस्ती भाटकार यांत या बाबतीत फारसा फरक नव्हता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ख्रिस्ती गावांत भाटकार आणि मुंडकार रविवारी एकाच मिस्सेला जात, एकाच वेदीपुढे गुडघे टेकीत. आणि सोमवारी पुन्हा जुनाच व्यवहार चाले. गोवा मुक्तीनंतर १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यास आणि १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने झोपडीतल्या माणसास आधार दिला. मुंडकाराला घरातून हुसकून लावता येणार नाही आणि आपल्या घराची जागा त्याला विकत घेता येईल, असे या दुसऱ्या कायद्याने ठरले. शतकानुशतके प्रवचनांनी जे झाले नाही, ते विधानसभेला करावे लागले.

तथापि श्रद्धेने व्यवहार बदलल्याचे एक ठळक उदाहरण आपल्या मराठी मुलखातच सापडते. पंडिता रमाबाईंचे नाव आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो, पण त्यांच्या कार्याची ही बाजू सहसा सांगितली जात नाही. रमाबाई १८५८ मध्ये जन्मल्या, १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस ‘शारदा सदन’ उघडले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली व स्त्रिया आणून पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आश्रय दिला. तेथील संस्थेचे नाव ‘मुक्ती’.

त्या काळी उच्चवर्णीय घरातील विधवा पहाटेपासून रात्रीपर्यंत राबे. दळण, कांडण, सोवळ्यातील स्वयंपाक, बाळंतिणीची सेवा, सारे तिच्याकडे. या कामाला मोबदला नव्हता. उलट घरात ठेवून घेतले हेच उपकार समजले जात. मुंडकाराच्या झोपडीसारखीच तिचीही गत होती. रमाबाईंनी या स्त्रियांना नुसते अन्न घातले असते, तरी लोकांनी त्यांना दयाळू म्हटले असते. त्यांनी स्त्रियांना धंदे शिकविले. विणकाम, शिवणकाम, तेलाची घाणी, दुभती जनावरे, शेती आणि फळबाग, आणि विशेष म्हणजे छापखाना. दृष्टिहीन स्त्रियांसाठी वेगळे सदन होते, आणि त्यांनाही हातकाम शिकविले जाई. ज्या कामाला बाजारात किंमत आहे ते काम ज्याच्या हाती आले, त्याला कोणी फुकट राबवू शकत नाही, हे रमाबाईंनी नेमके ओळखले होते.

छापखान्याची गोष्ट थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. खेड्यातील अल्पशिक्षित बाईला समजावे अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. वर्षानुवर्षे हे काम चालले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या, त्यापूर्वी भाषांतर पुरे झाले होते, आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला. खिळे जुळविणे, छापणे, पाने बांधणे ही कामे तेथील स्त्रियांनीच केली. मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्या, ही आज्ञा ज्या पानावर आहे ते पानदेखील अशाच हातांनी जुळविले गेले, ज्यांना एके काळी कोणी कवडी दिली नव्हती. धर्मांतराच्या प्रश्नावर रमाबाईंशी त्या काळीही अनेकांचा मतभेद झाला आणि आजही असू शकेल. पण या छापखान्यापुढे तो बाजूला ठेवावासा वाटतो.

याच सुमारास युरोपात कारखान्यांतील मजुरांचे हाल पाहून पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोव्हारुम’ नावाचे परिपत्रक काढले. त्यातील एक मुद्दा मुलांनी अवश्य समजून घ्यावा. मालक आणि मजूर यांनी राजीखुशीने एक रक्कम ठरविली, म्हणजे ती न्याय्य झालीच असे नाही. मजूर गरजेपोटी होकार देतो. काटकसरीने राहणाऱ्या मजुराचा निर्वाह होईल एवढे वेतन, हे कराराच्याही वरचे न्यायाचे माप आहे, असे लिओ यांनी मांडले. ‘त्याने कबूल केले होते’ हे वाक्य बांधकामाच्या जागेवर आणि आपल्या घरच्या ओसरीवर आजही ऐकू येते. पुढे १९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस कामकरी संत जुझे यांचा सण म्हणून ठरविला.

आता पुन्हा वास्कोकडे येऊ. मुरगाव बंदर आणि लोहमार्ग यांमुळे हे शहर वाढले, म्हणजे ते मुळातच मजुरांचे शहर आहे. एके काळी खनिजाच्या टोपल्या स्त्रीपुरुषांच्या डोक्यांवरून वाहिल्या जात. १९७९ मध्ये बंदरात खनिज भरण्याची यांत्रिक व्यवस्था आली. आपल्या येथील दामोदर भजनी सप्ताह शंभराहून अधिक वर्षे चालत आला आहे, आणि त्यात निरनिराळ्या व्यवसायांतील मंडळींचे पार वाजतगाजत येतात. ख्रिस्ती बांधवांच्या मुख्य चर्चचे अधिष्ठान सांत आंद्रे आहे, आणि तो मूळचा मासेमार होता. म्हणजे या शहरात देवाच्या दारी जाताना माणसे आपला धंदा बाहेर ठेवून जात नाहीत. आणि तरीही विजापूर, बागलकोट, गदग, किंवा अलीकडे झारखंड, ओडिशा येथून आलेल्या मजुराला हाक मारताना आपल्या शहरात ‘घाटी’ हा शब्द कोणत्या स्वरात उच्चारला जातो, ते सर्वांस ठाऊक आहे. त्याला नाव असते; ते विचारण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

येथे ती मिसर देशाची आठवण कामी येते. गोवेकराचे मिसर कोठे होते? ते मुंबईच्या धोबीतलावावर होते. गावोगावच्या ख्रिस्ती तरुणांनी तेथे आपल्या गावाच्या नावाने ‘कूड’ स्थापन केली. कूड म्हणजे खोली. बोटीवर चढण्याची वाट पाहणारा तारवटी आणि साहेबाच्या घरी नोकरी शोधणारा कुजनेर तेथे नाममात्र पैशांत राही. पेटी भिंतीशी, चटई जमिनीवर, एका कोपऱ्यात वेदी, आणि रोज संध्याकाळी सर्वांनी मिळून तेर्स म्हणावयाचा, असा शिरस्ता. आमच्या पेडणे-डिचोलीकडील कित्येक हिंदू घरांतील माणसेही मुंबईस अशीच दाटीवाटीने राहून नोकरी करीत आणि गावी मनिऑर्डर धाडीत. त्या वेळी ती मुंबईकरांच्या दृष्टीने ‘बाहेरची’ होती. आज आखाती देशांत आणि जहाजांवर आपली मुले आहेत. तेथे महिन्याचा पगार दोन दिवस लांबला, तर येथे घरी किती फोन होतात!

‘मुशाहिरा’ हा जुना मराठी शब्द अरबीतील महिनावाचक शब्दावरून आला. कोंकणीत आपण ‘मुशारो’ म्हणतो. ‘रोजंदारी’तील रोज म्हणजे फारसीतील दिवस. म्हणजे मोबदल्याच्या या शब्दांच्या पोटातच काळ दडलेला आहे. वेळ चुकली की शब्दाचाच अर्थ बिघडतो. आपल्या कायद्यानेही हे जाणले. १९३६ च्या वेतन अदायगीच्या कायद्याने पगार देण्यास साधारण सात दिवसांची आणि मोठ्या कारखान्यांस दहा दिवसांची मुदत घातली. २०१९ मध्ये संसदेने संमत केलेल्या वेतन संहितेत तर रोजंदारीवरील कामगाराचे वेतन त्याची पाळी संपताच द्यावे, असे कलम आहे. मोशेचा सूर्यास्त सुमारे अडीच हजार वर्षांहून अधिक प्रवास करून दिल्लीस पोहोचला, असे गमतीने म्हणता येईल.

परंतु कायद्याचा हात स्वयंपाकघरापर्यंत क्वचितच जातो. आपल्या शाळेतील मुलांपैकी काहींच्या आया तीन-चार घरी भांडी-धुणी करतात. वही का आणली नाही, असे वर्गात विचारले की, ‘आईचा पगार अजून झाला नाही’ असे उत्तर कित्येकदा मिळते. ज्या घराने तो थकविला, ते दुष्ट असते असेही नाही. बाई गावी गेल्या होत्या, सुटे पैसे नव्हते, दिवाळी आली, नाताळ आला. कारणे नेहमीच सौम्य असतात. रविवारी सकाळी सारे कुटुंब मिस्सेला जाते, अथवा सारे कुटुंब मंगेशीला जाऊन येते, आणि परतल्यावर जेवण तयार असते. ते तयार करणारीचा रविवार कोठे गेला, हा प्रश्न जेवणाच्या पानावर उपस्थित होत नाही.

नव्या करारातील सर्वांत लहान पत्रांपैकी एक नेमके अशाच घराला उद्देशून लिहिलेले आहे. फिलेमोन नावाचा एक सधन ख्रिस्ती गृहस्थ होता. प्रार्थनेसाठी मंडळी त्याच्याच घरी जमत. त्याच घरात अनेसिम नावाचा गुलाम होता. या नावाचा ग्रीक अर्थ ‘उपयोगी’. गुलामांना अशीच नावे ठेवीत. तो घर सोडून गेला आणि तुरुंगात असलेल्या पौलास जाऊन मिळाला. पौलाने त्याला पत्र देऊन परत धाडले. याला गुलाम म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून, प्रत्यक्ष मीच आलो असे समजून घरात घे, असे त्याने कळविले. काही नुकसान झाले असेल, तर ते माझ्या नावे मांड, मी फेडीन, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले. पौलाने गुलामाला परत का पाठविले, गुलामगिरीच मोडून काढा असे का म्हटले नाही, हा आक्षेप योग्य आहे. पुढील काळात गुलामांच्या मालकांनी या पत्राचा हवा तसा उपयोगही करून घेतला. तथापि पत्राच्या अखेरीस, सलाम कळविण्यापूर्वी, पौलाने आणखी एक ओळ घातली आहे, ती त्यांनी वाचली नसावी. माझ्यासाठी एक खोली तयार ठेव, असे तो फिलेमोनाला सांगतो. सुटका झाली की मी तुझ्या घरी मुक्कामाला येणार आहे.